इटालियन क्लासिक सुपरकार: कोणत्या देशासाठी बनली आणि किती मूळ राहिली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच मॉडेलच्या दोन गाड्या वेगळ्या का दिसतात?

कारण त्या दोन वेगळ्या कायद्यांसाठी बनल्या. फेरारीचं मारानेल्लो असो की लॅम्बोर्गिनीचं सांतआगाता, १९७० आणि १९८० च्या दशकात कारखान्यातून गाडी बाहेर पडायची ती ठरावीक देशाच्या नावाने. धूर, बंपर, दिवे, आवाज, स्टिअरिंगची बाजू आणि कर, एवढ्या सहा गोष्टींवर बहुतेक सगळे फरक पडतात. अमेरिकेचे नियम सर्वांत कडक होते, म्हणून सर्वाधिक फरक अमेरिकी गाड्यांत दिसतात. स्वित्झर्लंडसाठी आवाज आणि धूर दोन्ही कमी करावे लागत. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी स्टिअरिंग उजवीकडे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइट पिवळे. खुद्द इटलीत मोठ्या इंजिनावर जबर कर होता, त्यामुळे तिथल्या गाड्यांची वेगळीच जात तयार झाली. तिच्याबद्दल पुढे येईलच.

मग ‘मूळ’ गाडी म्हणजे युरोपीय गाडी, असंच ना?

नाही, आणि या विषयातला सर्वांत महागडा गैरसमज हाच आहे. मूळपणा मोजायचा तो त्या एका चॅसी नंबरच्या जन्माशी. लॅम्बोर्गिनीची १९८७ ची काउंटाश अमेरिकेसाठी जाड काळे बंपर आणि फ्युएल इंजेक्शन घेऊन बाहेर पडली असेल, तर ते बंपर आणि ते इंजेक्शन हेच तिचं मूळ रूप. कुणी ते काढून बारीक युरोपीय रूप दिलं, तर गाडी डोळ्यांना सुखावते, पण मूळपणात मागे जाते. डिझाइन म्हणून आम्हालाही युरोपीय रूपच जास्त आवडतं, तरीही एखादी गाडी आजवर अमेरिकी रूपात अखंड टिकली असेल तर तिला तसंच राहू द्यावं. अशा गाड्या वर्षागणिक कमी होत चालल्या आहेत.

अमेरिकी गाडी नजरेने कशी ओळखायची?

आधी बाजूचे दिवे बघा. १ जानेवारी १९६८ पासून तिथे साइड मार्कर सक्तीचे झाले. ते सहसा आयताकृती असतात, पुढच्या मडगार्डवर नारिंगी आणि मागच्यावर लाल. युरोपीय गाडीच्या पुढच्या मडगार्डवर सहसा छोटा गोल इंडिकेटर असतो आणि मागच्यावर काही नसतं. मग बंपर. १९७३ च्या मॉडेलपासून ताशी ५ मैलांची, म्हणजे सुमारे ८ किलोमीटरची धडक सोसण्याचा नियम आला. पहिल्या वर्षी तो पुढच्या बंपरला लागू होता, मग दोन्हींना झाला, आणि १९८३ च्या मॉडेलपासून वेगाची अट निम्म्यावर आली. बंपर गाडीपासून पुढे सरकलेला आणि आत धक्का शोषणारी नळकांडी असलेला दिसला तर बहुधा याच काळातली गाडी असते.

आत मैलांचा स्पीडोमीटर, इंग्रजी इशाऱ्यांचे दिवे, दाराच्या चौकटीवर नियमपालनाचा स्टिकर आणि इंजिनाच्या कप्प्यात धुराच्या नियमांचा स्टिकर मिळतो. १९७९ ते १९८२ च्या दरम्यान अमेरिकेत ८५ मैलांपर्यंतच आकडे असलेल्या स्पीडोमीटरचा नियम होता. त्या वर्षांच्या गाडीत असं मीटर दिसलं तर ते बदललेलं आहे असं लगेच समजू नका.

उलट, मागे फॉगलाइट असेल आणि इंडिकेटरची काच नारिंगी असेल, तर गाडी युरोपीय असण्याची शक्यता वाढते. पण दिवे एका दुपारात बदलता येतात. दिव्यांवरून अंदाज बांधा, खात्री नंबरवरून करा.

चॅसी नंबरवरून देश कळतो का?

१९८० च्या दशकापासूनच्या सतरा स्थानांच्या फेरारी नंबरात कळतो. पहिली तीन अक्षरं झेड-एफ-एफ. सहाव्या आणि सातव्या स्थानी मॉडेलचा आकडा: टेस्टारोसाला १७, एफ४० ला ३४. आठव्या स्थानचं अक्षर बाजारपेठ सांगतं: ए म्हणजे अमेरिका, बी म्हणजे डावीकडे स्टिअरिंग असलेला युरोप, सी म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेलं ब्रिटन. अमेरिकी नंबरात नवव्या स्थानी तपासणीचा आकडा आणि दहाव्या स्थानी मॉडेल-वर्षाचं अक्षर असतं, जसं १९८६ साठी जी. युरोपीय नंबरात त्या जागी सरळ शून्यं येतात. म्हणजे आठव्या जागी बी असलेल्या टेस्टारोसावर अमेरिकी साइड मार्कर दिसले, तर ते कारखान्यानंतर बसवलेले आहेत, याबद्दल शंका नको.

आणखी एक खूण आहे. सुमारे ७५,००० क्रमांकापर्यंत फेरारीने रस्त्यावरच्या गाड्यांना विषम क्रमांक दिले; सम क्रमांक शर्यतीच्या आणि फेरारीच्याच छोट्या डिनो गाड्यांसाठी होते. १९८५ च्या टेस्टारोसाचा शेवटचा आकडा सम असेल, तर व्यवहार तिथेच थांबवून आधी उलगडा करून घ्या.

त्याआधीच्या छोट्या नंबरांत देश लिहिलेला नसतो. तिथे कारखान्याच्या नोंदीशिवाय इलाज नाही.

अमेरिकी इंजिनाची ताकद खरंच इतकी कमी असते?

काही गाड्यांत असते, काहींत फरक कागदावरच जास्त दिसतो. टेस्टारोसाचं युरोपात ३९० पीएस आणि अमेरिकेत ३८० एचपी लिहिलं जातं. पीएस आणि एचपी ही दोन वेगळी मापं आहेत; ३९० पीएस म्हणजे सुमारे ३८५ एचपी. दहाचा वाटणारा फरक पाचावर येतो, आणि तोही धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. १९७२ च्या आधीच्या अमेरिकी आकड्यांत तर इंजिन टेस्ट-बेंचवर पंखा, अल्टरनेटर, सायलेन्सर असं काही न जोडता मोजलेलं असायचं. ते आकडे पुढच्या आकड्यांशी ताडून बघूच नका.

खरा फरक दिसतो तो फेरारी ३०८ मध्ये. तिची बंद छपराची गाडी जीटीबी, काढता येणाऱ्या छपराची जीटीएस. कार्ब्युरेटरची युरोपीय ३०८ जीटीबी २५५ पीएस देत होती, अमेरिकी २४० एचपी. १९८० मध्ये बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन आलं तेव्हा युरोपात ताकद २१४ पीएसवर आणि अमेरिकेत २०५ एचपीवर घसरली. १९८२ मध्ये प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देऊन त्यातली बरीच भरून काढली: २४० पीएस आणि २३० एचपी. म्हणून केवळ ताकदीसाठी ३०८ घेत असाल, तर देशापेक्षा वर्ष जास्त महत्त्वाचं.

३०८ जीटीबीमध्ये आणखी काय बघायचं?

दोन गोष्टी, आणि दोन्ही पैशांच्या आहेत.

पहिली, बॉडी. १९७५ मध्ये आलेल्या पहिल्या जीटीबी फायबरग्लासच्या होत्या. इटालियन नाव व्हेट्रोरेझिना. अशा ७१२ गाड्या बनल्या. १९७७ च्या मध्यापासून, अमेरिकेसाठी त्याआधीच, बॉडी पत्र्याची झाली आणि वजन वाढलं. ओळखायला कापडात गुंडाळलेलं साधं चुंबक पुरतं: दार, छप्पर, मागचं मडगार्ड. पुढचं झाकण ॲल्युमिनियमचं असतं, तिथे चुंबक लावून निष्कर्ष काढू नका. फायबरच्या गाडीत गंजाची भीती नाही, पण दिव्यांच्या कोपऱ्यांत आणि बिजागऱ्यांजवळ बारीक तडे जातात. त्यावर नुसता रंग मारला की वर्षभरात तडा पुन्हा डोकं वर काढतो. आधी आतून थर भरून तडा बंद करावा लागतो.

दुसरी, इंजिनाचं तेल. कार्ब्युरेटरच्या युरोपीय जीटीबीत ड्राय संप होता, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत. अमेरिकी जीटीबी आणि सर्व जीटीएसमध्ये तेल नेहमीसारखं इंजिनाच्या खालच्या भांड्यात. ड्राय संपची पातळी इंजिन गरम करून, ते चालू ठेवून बघायची असते. थंड इंजिनावर बघितली तर तेल कमी वाटतं, माणूस ओतत जातो आणि जास्तीचं तेल श्वासनळीतून एअर फिल्टरमध्ये येतं. ‘३०८ धूर करते’ या तक्रारीमागे कधी कधी एवढंच असतं. युरोपीय म्हणून विकली जाणारी कार्ब्युरेटरची जीटीबी ओल्या संपची निघाली, तर चॅसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही नव्याने तपासा.

काउंटाशच्या बाबतीत एवढा गोंधळ का असतो?

कारण काउंटाश १९७४ ते १९९० अशी सोळा वर्षं बनत राहिली, आणि त्या काळात अनेक मालकांनी जुनी गाडी नव्यासारखी करून घेतली.

एलपी४०० ही पहिली: ३९२९ सीसी, सहा आडवे वेबर ४५ डीसीओई कार्ब्युरेटर, १४ इंची चाकं, मिशेलिन एक्सडब्ल्यूएक्स टायर, पुढे २०५/७० आणि मागे २१५/७०. तिच्या छपरावर आरशासाठी खोलगट पन्हळ होती, म्हणून तिला पेरिस्कोपिओ म्हणतात. १९७८ मध्ये एलपी४०० एस आली, फायबरच्या रुंद मडगार्ड-कमानी आणि पिरेली पी७ टायर घेऊन: पुढे २०५/५० आर१५, मागे ३४५/३५ आर१५. १९८२ मध्ये इंजिन ४७५४ सीसी झालं. १९८५ च्या क्वात्रोव्हाल्व्होलेमध्ये ५१६७ सीसी, सिलिंडरला चार व्हॉल्व्ह, आणि कार्ब्युरेटर आडवे जाऊन उभे आले: सहा वेबर ४४ डीसीएनएफ, ४५५ पीएस. ते वर बसल्यामुळे इंजिनाच्या झाकणावर मोठा उंचवटा आला. शेवटची १९८८ ची पंचविसाव्या वर्धापनदिनाची आवृत्ती. तिचं बाह्यरूप ओरासिओ पगानी यांनी नव्याने केलं.

१९८० च्या दशकात कित्येक एलपी४०० ना एसच्या कमानी, रुंद चाकं आणि मागचा पंख लावला गेला. आज बाजार उलटा फिरला आहे आणि त्याच गाड्या पुन्हा अरुंद केल्या जात आहेत. हे काम नुसत्या चाकांवर भागत नाही. एसचं सस्पेन्शन पी७ टायरसाठी बदललेलं होतं. कमानी रिव्हेट किंवा स्क्रूने बसवताना ॲल्युमिनियमच्या पत्र्यात भोकं पडतात, काही वेळा चाकाला जागा करायला मूळ मडगार्डची कडाच कापलेली असते. चाकाच्या पोकळीत हात घालून आतून कडा चाचपा. वेल्डिंगची ओळ किंवा पुट्टी हाताला लागली, तर गाडी कधीतरी रुंद होती.

क्वात्रोव्हाल्व्होले: कार्ब्युरेटरची घ्यावी की इंजेक्शनची?

युरोपीय गाडीत कार्ब्युरेटर, अमेरिकी गाडीत के-जेट्रॉनिक. सुमारे ६१० क्वात्रोव्हाल्व्होले बनल्या, त्यातल्या इंजेक्शनच्या ६६. ताकद कार्ब्युरेटरला जास्त आहे, आवाजही. इंजेक्शनची गाडी थंडीत पटकन सुरू होते, गर्दीत प्लग काळे करत नाही, आणि सहा कार्ब्युरेटर एका सुरात लावण्याचं कौशल्य असलेला मेकॅनिक शोधावा लागत नाही.

के-जेट्रॉनिकचा एकच कट्टर शत्रू आहे: उभं राहिलेलं पेट्रोल. गाडी वर्षभर झाकून ठेवली की फ्युएल डिस्ट्रिब्युटरचा प्लंजर चिकटतो आणि इंजेक्टरवर डिंकासारखा थर चढतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात पाणी धरलं जातं, त्याने आतला धातू गंजतो. दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी टाकी रिकामी करून आतून बघा, मग फिल्टर बदला, मग गेज लावून सिस्टिमचा दाब मोजा, मग थंड आणि गरम इंजिनावर कंट्रोल प्रेशर, आणि सगळ्यात शेवटी हवा-पेट्रोल मिश्रणाचा स्क्रू. बहुतेक गॅरेजमध्ये हात आधी त्या स्क्रूकडेच जातो आणि मग गाडी कधीच धड चालत नाही. अमेरिकी गाडीत यावर लॅम्डा सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) आणि दाब कमी-जास्त करणारा फ्रिक्वेन्सी व्हॉल्व्ह असतो. तो सेन्सर मेला की मिश्रण बिघडतं, आणि दोष उगाच डिस्ट्रिब्युटरवर येतो.

इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर बसवण्याचा विचार असेल तर मन घट्ट करून नको म्हणा. इनटेक, पेट्रोल पंप, दाब, इग्निशन आणि झाकण, सगळं बदलतं. शेवटी हातात येते ती ना मूळ अमेरिकी गाडी, ना मूळ युरोपीय.

मागचा पंख मूळ असतो का?

काउंटाशचा पंख हा मागितल्यास मिळणारा जोड होता. काही गाड्यांना तो नवी असतानाच लागला, काहींना वितरकाने लावला, काहींना दहा वर्षांनी. त्याने गाडीचा कमाल वेग वाढत नाही, घटतो. कारखान्याच्या नोंदीत पंख असेल तर तो मूळ. नोंदीत नसेल, तर काढण्याआधी विचार करा: खाली बोल्टची भोकं आहेत आणि ती बुजवायला मागचा भाग पूर्ण रंगवावा लागतो.

‘ग्रे मार्केट’ गाडी म्हणजे काय? ती घ्यावी का?

जे मॉडेल कंपनीने अमेरिकेत विकलंच नाही, ते खासगीरीत्या आयात करून तिथल्या नियमांत बसवलेली गाडी. फेरारीचं ५१२ बीबी हे ठळक उदाहरण. १९७६ ते १९८१ मध्ये ९२९, आणि पुढे इंजेक्शनच्या ५१२ बीबीआय १००७ बनल्या, त्यातली एकही अधिकृतपणे अमेरिकेसाठी नव्हती. २८८ जीटीओच्या २७२ गाड्यांचंही तसंच. तरीही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अशा बऱ्याच गाड्या तिकडे गेल्या. १९८८ च्या कायद्याने, जो १९९० पासून लागू झाला, ही वाट जवळपास बंद केली. आज २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथल्या सुरक्षा-मानकांतून सूट आहे.

अडचण या ‘बसवण्यात’ आहे. बंपरमागे लोखंडी पट्ट्या, दारात वेल्ड केलेल्या आडव्या नळ्या, मडगार्ड कापून साइड मार्कर, एक्झॉस्ट कापून कन्व्हर्टर, हवेचा पंप, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा. काही कामं नीट झाली, बरीच घाईत. दारातल्या नळीच्या वजनाने बिजागरी खाली बसते आणि दार ओढून लावावं लागतं. कन्व्हर्टरच्या उष्णतेने जवळची वायरिंग कडक होऊन तडकते. कार्ब्युरेटरच्या गाडीत धूर कमी करायला जेट लहान केले आणि टायमिंग मागे घेतलं, तर इंजिन तापतं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात.

घ्यायला हरकत नाही, दोन अटींवर. पहिली, सुरक्षा आणि पर्यावरण अशा दोन्ही खात्यांची बाँड, म्हणजे आयातीची हमी, मोकळा केल्याची पत्रं असावीत. जुन्या आयातीच्या पेट्या धुंडाळल्या तर ती बऱ्याचदा सापडतात. दुसरी, काढलेले मूळ भाग गाडीसोबत यावेत. ग्रे मार्केट गाडी परत युरोपीय रूपात नेणं हे मूळपणाकडे जाणंच आहे, कारण ती जन्माने युरोपीय. अमेरिकेसाठी जन्मलेल्या गाडीला हे लागू होत नाही.

इटलीतल्या दोन लिटरच्या गाड्या ‘हलक्या’ मानाव्यात का?

मुळीच नाही. इटलीत २००० सीसीच्या वरच्या गाडीवर ३८ टक्के विक्रीकर होता, खाली जवळपास त्याच्या निम्मा. म्हणून फेरारीने १९९१ सीसीची २०८, लॅम्बोर्गिनीने १९९४ सीसीची उराको पी२००, आणि मासेरातीने दोन लिटरची मेराक बनवली. २०८ चे १५५ पीएस ऐकून लोक हसतात. पण १९८२ मध्ये तिलाच टर्बो लागून २२० पीएस झाले आणि १९८६ मध्ये २५४. फेरारीने रस्त्यावरच्या गाडीत टर्बो पहिल्यांदा वापरला तो या करामुळे. धोका एवढाच की काही २०८ मध्ये पुढे तीन लिटरचं इंजिन घातलं गेलं. वेगाच्या दृष्टीने सुधारणा, मूळपणाच्या दृष्टीने नुकसान.

टेस्टारोसात कोणते टप्पे असतात?

पहिल्या गाड्यांना डाव्या खांबावर उंच एकच आरसा होता, म्हणून मोनोस्पेक्किओ. चाक मधल्या एका नटने धरलेलं, म्हणून मोनोदादो. १९८८ पासून पाच बोल्ट आले. युरोपातल्या सुरुवातीच्या गाड्यांना ४१५ मिलिमीटरची चाकं आणि मिशेलिन टीआरएक्स टायर होते: पुढे २४०/४५, मागे २८०/४५. अमेरिकेत १६ इंची चाकं.

इथे जीवावर बेतणारी चूक होते. ४१५ मिलिमीटर म्हणजे १६.३४ इंच. १६ इंची टायर या रिमवर जबरदस्तीने चढवला तर कडा नीट बसत नाही आणि वेगात निसटू शकते. टायरवाल्याने ‘बसतो’ म्हटलं तरी चढवू देऊ नका. टीआरएक्स आजही बनतो. रोज चालवायला १६ इंची रिम घ्या, आणि मूळ चारही रिम कापडात गुंडाळून ठेवा.

कन्व्हर्टरच्या गाडीत ‘स्लो डाउन’चा दिवा असतो. तो लागला की लोक थेट कन्व्हर्टर कापून टाकतात. बऱ्याचदा बिघाड एक्झॉस्टमधल्या उष्णतामापक तारेत किंवा तिच्या छोट्या कंट्रोल बॉक्समध्ये असतो. डावा आणि उजवा बॉक्स अदलाबदल करा. दिवा दुसऱ्या बाजूला गेला तर बॉक्स खराब, गेला नाही तर तार बघा. मात्र आधी हात लांब ठेवून खात्री करा की कन्व्हर्टर खरोखर लाल झालेला नाही. एखाद्या सिलिंडरने जळणं सोडलं की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं, आणि तो इशारा अगदी खरा असतो.

एफ४० मध्ये देशानुसार काय बदलतं?

सुमारे १३०० बनल्या, त्यातल्या अमेरिकेसाठी २१३. युरोपच्या पहिल्या गाड्यांना कन्व्हर्टर नव्हता आणि सर्वांत सुरुवातीच्यांना सरकत्या प्लास्टिकच्या खिडक्या होत्या. पेट्रोलच्या टाकीतला फरक सर्वांत महत्त्वाचा: युरोपीय गाडीत रबरी पिशवीच्या टाक्या, अमेरिकीत ॲल्युमिनियमच्या. रबरी पिशवीला वय असतं; साधारण दहा वर्षांत ती बदलावी लागते. विकणारा ‘कमी चाललेली आहे’ म्हणाला तरी पिशवी बदलल्याचं बिल मागा, कारण ती किलोमीटरने नाही, वर्षांनी म्हातारी होते. इंजिन गरम, टर्बो शेजारी आणि टाकी झिरपणारी, हा प्रकार माफ करणारा नाही.

एफ४० चा रंग मुद्दाम पातळ होता, वजन वाचवायला. उजेडात तिरकं बघितलं की खालच्या कार्बन-केव्हलारची वीण दिसते. वीण कुठेच दिसत नसेल आणि पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत असेल, तर गाडी पुन्हा रंगवली आहे.

रंगाची जाडी कशी मोजायची?

आधी पृष्ठभाग कशाचा आहे ते कळायला हवं. लोखंडी पत्र्याला साधं चुंबकीय मीटर चालतं. काउंटाशच्या ॲल्युमिनियमला एडी करंटवर चालणारं लागतं. फायबर आणि कार्बनला अल्ट्रासोनिक. चुकीच्या मीटरने आलेला आकडा वाटाघाटीत वापरू नका. कारखान्याचा रंग सहसा १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो, ३०० च्या वर गेला तर दुसरा हात, आणि हजाराच्या वर म्हणजे खाली पुट्टी. एका जागेचं माप काही सांगत नाही. प्रत्येक भागावर पाच ठिकाणी घ्या आणि डावी बाजू उजवीशी ताडा.

स्पीडोमीटर बदललेला असेल तर?

मैलांचा काढून किलोमीटरचा लावणं नेहमीचं आहे, गुन्हा नाही. पण आकडा कोणत्या एककातला, हे लिहून ठेवलेलं नसतं. २४,००० मैल म्हणजे सुमारे ३८,६०० किलोमीटर. मैलांचा आकडा तसाच किलोमीटर म्हणून सांगितला की गाडी एकदम ‘कमी चाललेली’ होते. सर्व्हिसची बिलं तारखेनुसार मांडा आणि आकड्यांची चढण बघा. ती जिथे मोडते, तिथे मीटर बदलला.

मॅचिंग नंबर म्हणजे नेमकं काय?

चॅसी, इंजिन आणि गिअरबॉक्स, तिन्ही कारखान्याने त्या गाडीत बसवलेलेच असणं. ते आकडे एकसारखेच असावेत असं नाही. १९६० च्या दशकातल्या २५० मालिकेच्या फेरारीत इंजिनावर चॅसीचाच नंबर असायचा. पुढच्या व्ही८ गाड्यांत आणि लॅम्बोर्गिनीत तो वेगळा असतो. जुळणी करायची ती कारखान्याच्या नोंदीशी.

नंबर नुसता वाचू नका, बघा. ठोकलेल्या अंकांची खोली, अंतर, भोवतालच्या ओतकामाचा पोत. अंकांखालचा भाग आजूबाजूपेक्षा गुळगुळीत किंवा किंचित खोल असेल, तर तिथे आधी काहीतरी घासून काढलं आहे. तेलकट असेल तर मऊ कापड आणि केरोसीन वापरा. तारेचा ब्रश नको.

कारखान्याचं प्रमाणपत्र मिळतं का?

मिळतं. फेरारी क्लासिके २० वर्षांवरच्या गाड्या मारानेल्लोच्या नोंदींशी ताडून प्रमाणित करतं. लॅम्बोर्गिनीचा पोलो स्टोरिको विभाग २०१५ पासून तेच काम करतो. जुळत नसलेला भाग बदलायला सांगतात, आणि तिथे खर्च हाताबाहेर जाऊ शकतो. अर्ज करण्याआधीच एक्झॉस्ट, चाकं, सीट आणि दिवे त्या गाडीच्या मूळ देशाप्रमाणे आहेत का ते बघून घ्या. अमेरिकी गाडीवर युरोपीय बंपर लावून प्रमाणपत्राला पाठवणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही वाया घालवणं.

डे टोमासो पँटेरा यात कुठे बसते?

इटालियन बॉडी, अमेरिकी फोर्डचं ३५१ क्लीव्हलँड व्ही८. १९७१ ते १९७४ मध्ये अमेरिकेत लिंकन-मर्क्युरीच्या वितरकांकडून विकली गेली. तिथल्या नंतरच्या गाड्यांना मोठे काळे बंपर आणि कमी कॉम्प्रेशनचं इंजिन. इंजिनाचे भाग सहज मिळतात, म्हणूनच मूळ इंजिन असलेली पँटेरा दुर्मिळ: ज्याला त्याला ताकद वाढवायची हौस. ब्लॉकवरचे ओतकामाचे आकडे आणि तारीख-खूण गाडीच्या बांधणीच्या आधीच्या महिन्यांतली हवी; नंतरची असेल तर इंजिन बदललेलं आहे.

भारतात अशी गाडी ठेवताना मूळपणाचा काही संबंध येतो का?

थेट येतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं असतात. गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे ३५१ ऐवजी भलतंच इंजिन घातलेली पँटेरा या व्याख्येतच अडकते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये. रोजच्या वापराला अशी गाडी चालवता येत नाही; प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच.

बहुतेक इटालियन सुपरकार डावीकडे स्टिअरिंगच्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० नुसार अशी गाडी चालवायला चालू स्थितीतलं यांत्रिक किंवा विद्युत इशारा-साधन हवं. हेडलाइटही बघा. युरोप-अमेरिकेच्या गाडीचा डिपर उजव्या कडेकडे उजेड टाकतो, आपल्या रस्त्यावर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो. डावीकडच्या वाहतुकीचे, ब्रिटिश गाड्यांसाठीचे युनिट त्याच गोल मापात मिळतात. ते बसवा, आणि मूळ दिवे गाडीच्या नावाची चिठ्ठी लावून जपा.

काढलेले भाग किती काळ आणि कसे ठेवायचे?

गाडी आहे तोवर. प्रत्येक भागावर चॅसी नंबर, काढल्याची तारीख आणि बाजू लिहिलेली चिठ्ठी. रबर आणि बंपर झोपवून ठेवा, उभे ठेवले तर वाकतात. कोकणपट्टीच्या दमट हवेत कन्व्हर्टर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून आतून तेलाचा हात द्या. वायरिंगचे कनेक्टर कापू नका, पिन काढून वेगळे करा. कापलेलं हार्नेस मूळ म्हणून परत लावता येत नाही. बोल्ट ज्या भागाचे त्याच भागासोबत पिशवीत बांधा. अमेरिकी बंपरची नळकांडी आणि त्यांचे ब्रॅकेट आधी टाकून दिले जातात, आणि परत शोधताना हमखास तेच मिळत नाहीत.